वाचक विचारतात : मिस इंडियात राज्याची मुलगी कशी ठरते?

प्रश्न : माझी भाची मुंबईत वाढली, पण आमचं मूळ गाव कर्नाटकात. मिस इंडियासाठी तिने कुठल्या राज्यातून जायचं? आणि छोट्या शहरातल्या मुलींना खरंच चान्स असतो का हो? – एक मावशी

उत्तर : मावशी, फेमिना मिस इंडियात 2017 पासून राज्यवार मुली निवडायला लागले, त्याच वर्षी मिस हरियाणा म्हणून आलेली मानुषी छिल्लर जिंकली आणि पुढे मिस वर्ल्डपण झाली, मेडिकलला शिकत होती तेव्हा. भाचीच्या केससारखंच उदाहरण म्हणजे 2022 ची विजेती सिनी शेट्टी, जन्म मुंबईचा पण स्पर्धेत उतरली कर्नाटककडून, त्यामुळे मूळ गावाचा रस्ता आहेच, फक्त त्या वर्षीचा फॉर्म नीट वाचा, अटी बदलत असतात.

छोट्या शहरांचं म्हणाल तर 2018 ला अनुकृती वास जिंकली ती तिरुचिरापल्लीची, 2023 ला नंदिनी गुप्ता राजस्थानातल्या कोटा शहराची, 2024 ला निकिता पोरवाल उज्जैनची. आणि 2023 ची फायनल तर थेट इम्फाळला झाली, मला याचा फार आनंद झाला कारण ईशान्येकडच्या मुलींना आपण नेहमी मागेच ठेवतो.

एक मात्र मनापासून सांगते, फोटोंपेक्षा बोलण्यावर मेहनत घ्या, शेवटच्या प्रश्नोत्तरांच्या राउंडला स्टेजवर उभं राहून काही सेकंदांत स्वतःचं मत मांडायचं असतं, तिथे पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं, म्हणून घरात रोज पेपरातल्या एका बातमीवर तिला बोलायला लावा.