वाचक विचारतात: चार फुटात मॉडेल रेल्वे बसेल का?

प्रश्न: आमचा वन बीएचके आहे, हॉलमध्ये बुटांच्या कपाटावर 4 फूट बाय दीड फूट जागा मोकळी आहे, तेवढीच घरच्यांनी मंजूर केलीय. एचओचं (खऱ्याच्या 1:87 मापाचं) एक डिझेल इंजिन आणि मालगाडीचे काही डबे आधीच घेऊन ठेवलेत. मुलीला गाडी गोल फिरायला हवी, मला बोरघाट हवाय. दोन्ही जमेल का?
— वाचक, बदलापूर

उत्तर: गोल नाही जमणार, ते आधीच सांगतो. एचओमध्ये बाजारात सहज मिळणारं सगळ्यात आवळलेलं वळण साधारण 36 सेंटीमीटर त्रिज्येचं, म्हणजे नुसतं वर्तुळच 72 चं, त्यात कडेला सोडायची जागा धरली की अडीच फूट रुंदी लागते आणि तुमच्याकडे आहे दीड. एन स्केलला, म्हणजे एचओहून लहान मापाला, गेलात तरी काटो कंपनीचं नेहमीचं 249 मिलिमीटर त्रिज्येचं वळण दोन फुटांत कसंबसं बसतं, दीडमध्ये नाहीच. शिवाय खरं सांगू का, एवढ्याशा गोलात गाडी स्वतःच्याच शेपटामागे धावताना दिसते आणि चार दिवसांत मुलगी कंटाळते.

आणि प्रवासी गाडीचं स्वप्न असेल तर तेही सोडा. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याचा प्रवासी डबा एचओत 25 सेंटीमीटरच्या आसपास, इंजिन 20, चार डबे जोडले की तुमचं कपाट संपलं, गाडी हलणार कुठे?

म्हणून माझं मत शंटिंग यार्ड करा, म्हणजे वाघिणी पुढेमागे ढकलून गाडी लावायचं यार्ड. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट यांचा इंगलनुक नावाचा प्रकार आहे, त्यात फक्त दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा) आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ). मूळ हिशोब 5-3-3 वाघिणींचा, म्हणजे एकेका सायडिंगवर तेवढ्या मावतात, तुमच्या जागेत 3-2-2 करा. बॉक्सएनसारखी (कोळशाची उघडी) वाघीण एचओत सव्वाबारा सेंटीमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे पुढे इंजिन आणि दोन वाघिणी मावतील एवढा रूळ ठेवूनही चार फुटांत जेमतेम बसतं. खेळ असा, पाच वाघिणी उभ्या करायच्या, चिठ्ठ्या टाकून तीन निवडायच्या आणि नेमक्या त्याच क्रमाने गाडी लावायची. तीनचे क्रम 60 होतात, आणि सुरुवातीला वाघिणी कुठे उभ्या आहेत त्यावर प्रत्येक वेळी कोडं बदलतं, सांधेवाली मुलगी आणि ड्रायव्हर तुम्ही. पण रूळ चिकटवायच्या आधी कागदावर खऱ्या मापात आखून त्यावर वाघिणी ठेवून बघा, सांध्याजवळ उभी वाघीण शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतेय का ते तिथेच कळतं.

आता घाट. गाडीवरून गाडी न्यायची तर एचओला साधारण 7 सेंटीमीटर उंची पाहिजे, बोरघाटाचा 1:37 चढ घेतला तर त्यासाठी अडीच मीटरच्या वर रूळ, तेव्हा विसरा. पण 1863 मध्ये बोरघाट सुरू झाला तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, म्हणजे गाडी वर येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. वळण न घेता उंची मिळवायची ही युक्ती कपाटावर छान बसते! पण यार्ड आणि घाट दोन्ही एका फळीवर नको. आधी यार्ड चालू द्या, मागच्या भिंतीवर डोंगर रंगवा, घाट नंतर वरच्या शेल्फवर एन स्केलमध्ये बघू.

प्रश्न: पावसाळ्यात रूळ काळे पडतात, इंजिन अडखळतं. सॅंडपेपर मारू का?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर: अजिबात नको! त्याचे ओरखडे पडतात आणि घाण त्यातच बसते. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा, इंजिनाची चाकंही पुसा, कारण सगळे रुळालाच दोष देत बसतात. आणि खाली एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) वापरला असेल तर कडा रंगवून सील करा, कोकणातल्या दमट हवेत तो फुगतो आणि मग जोड वरखाली होतात. नवीन करणार असाल तर 12 मिलिमीटरचा चांगला प्लायच घ्या.