वाचक विचारतात : कव्हर गाताना आपला आवाज कुठून आणायचा?

प्रश्न : आमचा पाच जणांचा बँड आहे, पुण्यात वीकेंडला कॅफेंमध्ये वाजवतो. लोकांना ओळखीचीच गाणी हवी असतात, त्यामुळे सगळी कव्हर्सच, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. आमच्यातले दोघं म्हणतात रेकॉर्डसारखं डिट्टो वाजवायचं, बाकीच्यांना त्याचा कंटाळा आलाय. म्हणून आम्ही बीट बदलून बघितला, मध्ये रॅपही टाकला, पण गाणं काही आपलं वाटत नाही. काय करावं?

उत्तर : तुमचा कंटाळा मला पूर्ण पटतो, पण बीट बदलणं हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे आणि आजकाल सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी एवढंच ठरवा की हे गाणं कोण म्हणतंय आणि ते आत्ता का म्हणतंय.

अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'हर्ट' ऐकलंय ना? मूळ गाणं नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं, 1994 चं, त्यांच्या ट्रेंट रेझ्नरनं तिशीही गाठली नव्हती तेव्हा लिहिलेलं. 2002 मध्ये कॅशनं ते गायलं तेव्हा तो सत्तरीचा, तब्येत पार ढासळलेली. शब्द जवळपास तेच ठेवले, फक्त एक शिवी काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला. मूळ गाण्यातला खरखराट जाऊन अकूस्टिक गिटार आली आणि शेवटाकडे पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत मोठा होत जातो, बाकी फार काही नाही. पण तरुण पोराच्या तोंडी जी ओळ स्वतःचा राग वाटते तीच म्हाताऱ्याच्या थरथरत्या आवाजात आयुष्याचा हिशोब होते. कॅशनं थरथर लपवली नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि आपल्याकडे तर कुमार गंधर्व आहेतच! लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून ते हुबेहूब तसंच गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे, म्हणजे तुमचे ते दोघं म्हणतात तसं डिट्टो. मग मुंबईत संगीतशिक्षक देवधर मास्तरांकडे रीतसर शिकले. पुढे क्षयानं गाठलं, माळव्यात देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणंच बंद, एक फुप्फुस निकामी झालं. त्या अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर पडत होती, त्या धुनांमधून त्यांनी पुढे नवे राग उभे केले. परत गायला लागले ते छोट्या छोट्या, टोकदार स्वरवाक्यांनी, मध्ये जागा सोडत. आणि याच माणसानं नंतर 'मला उमजलेले बालगंधर्व' केलं, सगळी पदं दुसऱ्याची, पण त्यात बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल कुठेही नाही. बालगंधर्वांवरचं प्रेम मात्र ऐकू येतं. एवढा मोठा दाखला घरात असताना आपण कव्हर म्हटलं की फक्त यूट्यूबवरचे मॅशअप का आठवतो, मला खरंच कळत नाही.

तेव्हा डिट्टोवाल्या दोघांचंही ऐका, गाणं आधी रेकॉर्डसारखं बसवाच, प्रत्येक हरकत, प्रत्येक पीस. मग मूळ गाणं ऐकणं काही दिवस बंद करा आणि गाणाऱ्याची पट्टी शोधा, मूळ पट्टीचा हट्ट नको, तिथेच अर्धी कव्हर्स मार खातात. मग फक्त आवाज आणि एकच वाद्य घेऊन पूर्ण गाऊन बघा, जे पीस वाजवले नाहीत तरी गाणं उभं राहतं ते सोडून द्या. गायिका असेल तर आणखी मजा आहे. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगच्या 'रिस्पेक्ट'मध्ये दमून घरी आलेला नवरा मान मागतो, अरेथा फ्रँकलिननं 1967 मध्ये तेच गाणं बाईच्या बाजूनं गायलं आणि आज बहुतेकांना तेच माहीत असतं.

प्रश्न : जुनं मराठी भावगीत माझ्या पद्धतीनं गाऊन रेकॉर्ड करायचंय. परवानगी लागते का?

उत्तर : लागते. कवी आणि संगीतकाराचा गाण्यावर हक्क असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं राहतो. रेकॉर्ड कंपनीचा हक्क ध्वनिमुद्रणावर, तो वेगळा, त्यामुळे मूळ ट्रॅक उचलून त्यावर गाऊ नका, आणि नेटवरचा कराओके ट्रॅकसुद्धा कोणाचा तरी असतोच.

2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी वेगळं कलम आलं, 31 सी. पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची, तीही वर्षाला किमान 50,000 प्रतींची. लेबलवर हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं, मूळ गायकाचं नाव-फोटो वापरून लोकांची दिशाभूल करायची नाही. पण तुमच्या कामाची अट पुढे आहे, रेकॉर्डिंगसाठी तांत्रिकदृष्ट्या गरजेचे नसलेले बदल शब्दांत किंवा चालीत या कलमाखाली करता येत नाहीत. म्हणजे तुम्हाला 'माझ्या पद्धतीनं' चाल फिरवायची असेल तर हा रस्ता सोडा, थेट हक्कदारांना पत्र लिहा, सोबत तुमचं साधं रेकॉर्डिंग पाठवा. व्हिडिओ करणार असाल तर त्याची परवानगी त्याच पत्रात मागा.