कामात चोख आहे, मग बिघडलंय कुठे?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ 28 वर्षांचा आहे. हिंजवडीत अमेरिकेच्या शिफ्टला असतो, संध्याकाळी 5 ते रात्री 2. आई-बाबा कराडला, बाबा एसटीतून रिटायर झालेत. गेल्या वर्षी त्याने पुनावळ्यात फ्लॅट घेतला, हप्ता 38 हजार. यंदा अप्रेझलही छान झालं. पण सहा महिने झाले, हा वेगळाच वागतोय. ट्रेकचा ग्रुप सोडला. आईवर फोनवर खेकसतो. क्लायंटपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याच्या लेखी बिनडोक. पूर्वी मित्रांबरोबर एखादी बिअर व्हायची, आता खोलीत एकटाच तीन-तीन घेतो. उशाशी गॅसच्या गोळ्यांचं पाकीट कायम असतं. विचारलं तर म्हणतो, ‘मी ठीक आहे, डोकं नको खाऊस.’ रविवारी आम्ही त्याला मुली बघायला नेतो, तिथेही मोबाइलमध्येच. आई म्हणते, लग्न झालं की सुधारेल. हा आळस आहे, माज आहे की आणखी काही?
एक ताई, वाकड

उत्तर: ताई, अप्रेझल छान झालं म्हणून तुम्ही बुचकळ्यात पडलात ना? बहुतेक घरं इथेच फसतात. आतून संपत चाललेला मुलगा काम सगळ्यात शेवटी सोडतो. आधी ट्रेक जातो, मग मित्र, मग जेवणाच्या वेळा, मग आईशी नीट बोलणं. जे केलं नाही तर कुणी मेमो देत नाही, ते आधी गळतं आणि उरलेलं सगळं त्राण ऑफिसात खर्च होतं. तेव्हा आळस आणि माज, दोन्ही शब्द आधी खोडा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हणून. तिच्या खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल कडवटपणा किंवा तुटलेपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. ‘सगळे बिनडोक’ ही दुसरी खूण. तिसरी घरच्यांना दिसत नाही, ती त्यालाच विचारावी लागेल. मुलग्यांच्या बाबतीत घरचे रडू आणि उदास चेहरा शोधत बसतात. ते सापडत नाही, कारण तो ताण चिडचिड, दारू, पोट आणि पाठ यांतून बाहेर पडत असतो. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर थांबून चालणार नाही.

विचारायचं कसं? समोरासमोर बसवून, आई-बाबांदेखत, मुळीच नाही. शनिवारी दुपारी भाजी आणायला बरोबर न्या. शेजारी शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, त्यामुळे जीभ सुटते. ‘तुला काय झालंय?’ असं विचारू नका, दिसलेलं सांगा: ‘सहा महिन्यांत एकही ट्रेक नाही, गोळ्यांचं पाकीट संपत आलंय. झोप किती तास होते रे?’ आणि मग गप्प बसा. पहिल्यांदा ‘ठीक आहे’च येईल. आठवड्याने पुन्हा विचारा. ‘सगळ्यांनाच असतं’, ‘बाबांनी इतकी वर्षं एसटीत काढली’ ही वाक्यं तोंडातच ठेवा. ‘सोड ती नोकरी’ हेसुद्धा. 38 हजारांचा हप्ता असलेल्या माणसाला तो सल्ला टोमण्यासारखा लागतो.

झोपेचा हिशेब मात्र बारकाईने करा. रात्री 2 ला सुटून 3 ला घरी पोचला, 4 ला आडवा झाला, तर 11 पर्यंत झोपला तरच 7 तास होतात. पण 8 ला कामवाल्या मावशी बेल वाजवतात, 9 ला आईचा फोन. शिवाय शिफ्टमध्ये रात्री 11 ला कॉफी घेत असेल, तर कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण 5 तास लागतात, म्हणजे पहाटे 4 ला अर्धी कॉफी अंगात जागीच. म्हणून शेवटची कॉफी 9 च्या आत. खिडकीला जाड, गडद पडदा. मावशींना 12 ची वेळ, आईलाही तीच. उठल्यावर अर्धा तास उन्हात. सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ तासा-दोन तासांपेक्षा जास्त हलवू नये, नाहीतर सोमवारी शरीर पुन्हा गोंधळतं. बिअरने डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धातली झोप तुटते. म्हणून तीन बिअरनंतर 9 तास झोपूनही तो आंबलेलाच उठतो.

दुसऱ्या आठवड्यात फॅमिली डॉक्टर. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-12, डी जीवनसत्त्व, साखर आणि बीपी. बी-12 कमी असलं किंवा थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता बरीच दिसते. अॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर तेच बी-12 नीट शोषलं जात नाही, म्हणून ते पाकीट डॉक्टरांना दाखवा. घोरत असेल तर तेही सांगा.

कामाचा भाग त्यालाच करावा लागेल. नुसत्या रजेने भागत नाही: दहा दिवस गोव्याला जाऊन आला आणि काम तसंच राहिलं, तर दोन आठवड्यांत गाडी मूळ पदावर. आधी 14 दिवस वहीत लिहू दे: किती तास लॉगइन, रात्री 2 नंतर किती कॉल, शनिवारचे किती तास गेले. मग मॅनेजरकडे जाताना ‘मी थकलोय’ म्हणायचं नाही, आकडे ठेवायचे आणि एकच मागणी करायची. उदाहरणार्थ, ऑन-कॉल, म्हणजे शिफ्टबाहेर फोनवर हजर राहण्याची पाळी, तीन जणांत फिरवा, किंवा रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी द्या. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल. पाच मागण्या घेऊन गेलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. अनेक कंपन्यांत मोफत समुपदेशन असतं. एचआरला कळेल या भीतीने मुलं तिकडे फिरकत नाहीत. पहिल्याच फोनवर ‘माझं नाव कंपनीला कळवता का?’ असं विचारून घ्यावं.

आता एक सावधगिरी. रजा मिळाली, झोप झाली, तरी दोन आठवडे कशातच जीव रमत नसेल, जेवण, क्रिकेट, मित्र सगळंच बेचव, तर ते कामापुरतं राहिलेलं नाही. तो नैराश्याचा भाग असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘माझा सगळ्यांना भार झालाय’ असं काही बोलला, तर घाबरून विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, आणि काय करावं हे विचारायला तुम्हीही फोन करू शकता.

आणि हे थोडं लागेल, पण सांगते. त्याची शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे संपते. शनिवार झोपेत जातो, म्हणजे हातात उरतो फक्त रविवार, आणि तो तुम्ही कांदेपोह्यांना दिलाय. बायको हे काही औषध नाही, आणि येणाऱ्या मुलीने काय पाप केलंय? दोन महिने स्थळं बंद. हे आईला तुम्ही सांगायचं, त्याच्यावर ढकलायचं नाही. हप्त्याचा कागद घेऊन एकदा बाबांसमोर बसा, कराडला दरमहा पैसे जात असतील तर त्यातले काही महिने तुम्ही उचलू शकता का ते बघा. आणि येत्या रविवारी तो 12 पर्यंत झोपला, तर दार वाजवू नका.