वाचकांचे प्रश्न : ‘ब्लॅक ब्यूटी’च्या लेखिकेची श्रद्धा

प्रश्न (एक वाचिका, अहिल्यानगर) : माझी दहा वर्षांची मुलगी ‘ब्लॅक ब्यूटी’ या इंग्रजी कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती वाचते आहे. लेखिका अ‍ॅना सुएल या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि त्या श्रद्धेतूनच हे पुस्तक जन्मले, असे आमच्या चर्चमधील एका शिक्षिकेने सांगितले. मी पुस्तक चाळून पाहिले, तर त्यात घोडे आहेत, तबेले आहेत, बऱ्यावाईट मालकांच्या गोष्टी आहेत. श्रद्धेचा मात्र कोठे मागमूस दिसला नाही. ती नेमकी कोठे शोधावी?

उत्तर : शिक्षिकेचे म्हणणे खरे आहे, आणि तुम्हाला श्रद्धा आढळली नाही याचे एक कारण तुमच्या हातातली आवृत्ती संक्षिप्त आहे, हेही असावे. मुलांसाठी पुस्तक लहान करताना पहिली कात्री बहुधा त्यातल्या धर्मविषयक संवादांवर चालते. घोडा उरतो, आणि ज्या कारणासाठी लेखिकेने त्याला बोलते केले ते कारण गळून पडते.

अ‍ॅना सुएल यांचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ग्रेट यार्मथ येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला साध्या राहणीचा पंथ. त्यात पुरोहित नसतात, उपासना बहुतांशी मौनात चालते आणि प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात ईश्वरी प्रकाश आहे अशी त्यांची धारणा असते. पुढे आई मेरी आणि स्वतः अ‍ॅना या पंथातून बाहेर पडल्या. मधल्या काळात अ‍ॅना यांना श्रद्धेविषयी तीव्र शंकांनीही ग्रासले. पण सत्याने वागावे आणि दुबळ्याला दुखवू नये, हा घरातला संस्कार कधी पुसला गेला नाही. आई स्वतः गोरगरिबांसाठी सोपी कथागीते लिहीत असे आणि तिची पुस्तके प्रचंड खपत असत. ग्लॉस्टरशरमध्ये राहत असताना मायलेकींनी कामकरी पुरुषांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. घोडा राखणारा, गाडी हाकणारा, अक्षरओळख जेमतेम असलेला माणूस त्यांच्या रोजच्या परिचयाचा होता, हे ध्यानात ठेवावे.

घोड्यांशी त्यांचे नाते एका अपघाताने घट्ट केले. चौदाव्या वर्षी शाळेतून पावसात परतताना त्या घसरून पडल्या, दोन्ही घोटे दुखावले, आणि उपचारांना यश न आल्याने पुढील सगळे आयुष्य चालण्याच्या मर्यादेत गेले. ज्याला स्वतःच्या पायांचा भरवसा नाही, त्याला घोड्याचे पाय म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. वडिलांना स्टेशनावर पोहोचवणे, आणणे हे काम त्या छोट्या घोडागाडीने करीत. लगाम सैल सोडून, घोड्याशी बोलत बोलत त्या गाडी हाकत असत, अशी आठवण त्यांना पाहिलेल्यांनी नोंदवून ठेवली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिकन धर्मोपदेशक होरेस बुशनेल यांच्या प्राण्यांविषयीच्या एका निबंधाची ओळख त्यांना एका स्नेही लेखिकेकडून झाली होती, आणि त्यातले विचार आपल्या मनात घर करून राहिले असे त्यांनी स्वतः कळवले. नोव्हेंबर १८७१ मध्ये त्यांनी रोजनिशीत घोड्याचे चरित्र लिहीत असल्याची नोंद केली. त्या वेळी प्रकृती इतकी ढासळली होती की मोठा काळ त्या कोचावरच असत. कधी तोंडी सांगायचे, कधी चिठोऱ्यांवर पेन्सिलीने लिहायचे, आणि आईने ते नीट उतरवून काढायचे, अशी सहा वर्षे गेली. नोव्हेंबर १८७७ मध्ये नॉरिचच्या जॅरल्ड प्रकाशनाने पुस्तक काढले. मुखपृष्ठामागच्या पानावर ‘मूळ अश्वभाषेतून अनुवादित’ असे छापले होते. घोड्यांविषयी दया, सहानुभूती आणि समजूतदारपणा निर्माण व्हावा, हा पुस्तकाचा हेतू त्यांनी लिहून ठेवला आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने मोतद्दार आणि गाडीवान होते, लहान मुले नव्हती.

मूळ संहितेत दोन ठिकाणे अवश्य वाचा. ‘सैतानाचे बोधचिन्ह’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या प्रकरणात जॉन या गाडीवानाचे बोल येतात : प्रेमावाचून धर्म नाही; माणसाने धर्माच्या कितीही गोष्टी कराव्यात, पण तो धर्म त्याला माणसांशी आणि मुक्या जनावरांशी मायेने वागायला शिकवत नसेल, तर ते सारे सोंग आहे. दुसरे ठिकाण लंडनचा भाड्याची घोडागाडी चालवणारा जेरी बार्कर याचे. तो सहा दिवसांचाच परवाना घेतो, कारण रविवार हा उपासनेचा आणि विश्रांतीचा दिवस आहे, आणि ती विश्रांती माणसाइतकीच घोड्याचीही आहे. यासाठी तो आपले उत्तम गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवतो. आणि इथेच लेखिकेची श्रद्धा किती सखोल आहे ते कळते : पुढे एका गरीब बाईची आई मरणपंथाला लागल्याचे समजताच हाच जेरी रविवारी गाडी जोडून तिला गावी नेतो. तिथे घोड्याचा साज उतरवून त्याला कुरणात मोकळे सोडतो, आणि कित्येक दिवसांनी तो घोडा गवतात लोळतो. नियम पाळणारा आणि नियमामागची दया जाणणारा एकच माणूस आहे, हे कोणताही उपदेश न करता लेखिका दाखवते. माझ्या मते कादंबरीतले हे सर्वांत सुंदर पान आहे.

मुलीला शक्य तेव्हा संपूर्ण पुस्तक द्या. जिंजर या घोडीचा शेवट तिला रडवील, पण तो गाळू नये.

प्रश्न (एक वाचक, नेरळ) : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माथेरानच्या वाटेवर घोडे आहेत. या पुस्तकामुळे इंग्लंडमध्ये घोड्याच्या मानेचा एक पट्टा मागे पडला असे ऐकले. तो कोणता?

उत्तर : श्रीमंतांच्या गाडीचे घोडे मान ताठ ठेवून रुबाबदार दिसावेत म्हणून तोंडातल्या कडियाळ्यापासून (लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग) पाठीवरच्या साजापर्यंत एक जादा पट्टा आवळून बांधत. तुम्हाला ठाऊकच आहे की चढावर घोडा मान खाली घालून अंगाचा भार पुढे टाकतो, तेव्हा ओझे ओढले जाते. हा पट्टा नेमके तेच अडवतो. मान अवघडते, श्वास कोंडतो, तोंड फेसाळते. कादंबरीत एक उमरावीण हा पट्टा दिवसेंदिवस आणखी आवळायला लावते, आणि जिंजर शेवटी लाथा झाडत गाडीच्या दांड्यापलीकडे जाऊन कोसळते. एडवर्ड फ्लॉवर यांनी या पट्ट्याविरुद्ध आधीपासूनच लेखणी चालवली होती. कादंबरीने ती वेदना घरोघरी पोहोचवली. २५ एप्रिल १८७८ रोजी, पुस्तक निघून पाच महिने होत असताना, अ‍ॅना सुएल गेल्या. शववाहिकेच्या घोड्यांना तोच पट्टा बांधलेला पाहून आईने तो काढायला लावला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

आपल्याकडे याहून जवळचा प्रश्न काटेरी कडियाळ्याचा आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी काटे, गाठी किंवा टोके असलेले साहित्य वापरायला मनाई केली आहे. आपल्या घोड्याचे कडियाळे काढून त्याच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवून पाहा. जिथे बोटाला टोचेल, तिथे जिभेलाही टोचते. त्याच वेळी ओठांचे कोपरे आणि जिभेच्या कडाही तपासा, आणि जखम दिसल्यास ती भरेपर्यंत तोंडात कडियाळे घालू नका.