पाऊण इंची एल्बो, अर्धा इंची नळ

प्रश्न : गुहागरच्या घरी न्हाणीतला नळ बदलतोय. भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) एल्बो, म्हणजे कोपऱ्याचा जोड, पाऊण इंची, नवा नळ अर्धा इंची. प्लास्टिकचा रिड्यूसर (मोठ्या जोडात लहान नळ बसवायचा तुकडा) लावला, टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, तरी गळतंच आहे.

उत्तर : प्लास्टिकचा तुकडा काढाच. लोखंडी आट्यांत तो आवळताना वाकडा चढतो किंवा चिरतो. पितळी रिड्यूसर बुश घ्या, बाहेरून पाऊण, आतून अर्धा. मोजताना फसू नका : अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 21 मिमी भरतो.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून एल्बोचे आटे तारेच्या ब्रशने घासा. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. आटे भुगा होऊन पडत असतील तर टेपचा उपयोग नाही, भिंतीचा चिरा (जांभा दगड) फोडून एल्बोच बदलावा लागेल.

बुशचे आणि नळाचे आटे आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने ताणून 10-12 वेढे द्या, पहिला आटा मोकळा ठेवा. उलटी गुंडाळलेली टेप आवळताना गोळा होऊन बाहेर येते. नळाची थाळी (भिंतीलगतची गोल चकती) आधी घाला. तोंड सरळ करायला नळ मागे फिरवलात तर गळणारच. मग पूर्ण काढून नवी टेप लावा. पाणी सोडून जोडाला कोरडा कागद टेकवा, ओल लगेच दिसते.