घरच्या कंपोस्टसाठी साधी चाळण कशी बनवावी? जाळी किती बारीक असावी?

दोन सुताची जाळी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची म्हटलंत तरी देतात. गॅल्वनाइज्डच मागा, साधी लोखंडी लवकर गंजते. चौकट कुठल्याही जुन्या पट्ट्यांची चालेल, फक्त माप आपल्या घमेल्यावर बेता. जाळी नुसत्या चुकांवर (छोट्या खिळ्यांवर) ठेवू नका, खालून रीप (लाकडाची बारीक पट्टी) ठोका, नाहीतर खताच्या वजनाने ती सुटत जाते.

पण 'किती बारीक' यावरून आमच्या घरात महाभारत झालंय, म्हणून लिहायला बसले.

आमचे धाकटे भाऊजी इंजिनिअर. दिवाळीत आले, गच्चीवरचं माझं चाळलेलं खत चिमटीत घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, हे खत आहे की पाचोळा?" अंड्याच्या कवचाचा तुकडा, पानाची शीर, नारळाची एखादी काडी, एवढंच होतं हो त्यात. नंतर स्वयंपाकघरातली रव्याची चाळण (माझी, न विचारता!) घेऊन दुपारभर घासत बसले. खाली पडलं ते अगदी चहाच्या भुकटीसारखं. सासूबाईंनी कौतुकही केलं. त्या भुकटीत थोडीशी माती मिसळून भाऊजींनी जास्वंदीची कुंडी भरली. थोड्याच दिवसांत वरचा थर दबून बसला, पाणी घातलं की डबकं. मला बोटाने भोकं पाडावी लागायची. शेजारच्या माझ्या 'पाचोळ्याच्या' कुंडीत पाणी सरळ खाली. मुळांना हवा लागते, ती या जाड्याभरड्या तुकड्यांमुळेच मिळते. भुकटी करायची तर कुजवता कशाला, मिक्सरला लावा!

यावर त्यांनी काय शोधून काढावं? 1985 चा खत नियंत्रण आदेश. त्यात शहरी कंपोस्टचा किमान 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे असं आहे. आहे, मान्य. पण तो विकायच्या खताला. मी काय गच्चीवर कारखाना टाकलाय? आणि त्यांची रव्याची चाळण 4 मिलिमीटरच्या जवळपास तरी होती का?

चाळणीवर राहिलेलं टाकू नका, पुढच्या ढिगात घाला, त्यातल्या जिवाणूंमुळे नवा कचरा लवकर कुजायला लागतो. आंब्याच्या कोया मात्र वेचून काढा, त्या वर्ष-वर्ष तशाच राहतात. पांढऱ्या गुबगुबीत अळ्या दिसल्या तर कुंडीत जाऊ देऊ नका, हुमणी असली तर मुळं खाते. गांडुळं परत ढिगात.

हां, ओलं खत कुठल्याच जाळीतून पडत नाही. मुठीत दाबून पाणी सुटलं तर आधी सावलीत पसरा. चाळताना नाकाला फडकं बांधा, बुरशीची धूळ उडते. आणि बिया पेरायच्या ट्रेसाठी बारीक चाळलेलंच हवं, तेवढ्यापुरती भाऊजींची पद्धत चालेल. पण चाळण स्वतःची आणा म्हणावं.