जुन्या सागवानी सोफ्यासाठी टेक्स्टाइल आर्टिस्टकडून हातमागाचं कापड विणून घ्यायचंय. काय काळजी घ्यावी? खर्च किती येईल?

कापड मागावर चढायच्या आधी सोफा उघडून घ्या. आणि उघडणाऱ्याला आर्टिस्टसमोर बसवा.

आमचं सोफे-खुर्च्या भरण्याचं दुकान वडिलांपासूनचं. एका गिऱ्हाइकाकडे आजोबांच्या वेळच्या बर्मा टीकच्या खुर्च्या होत्या. आत अस्सल माल: घोड्याचे केस, काथ्या, खाली सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा. मी बघायच्या आधीच आर्टिस्टबाई हिमरूच्या (औरंगाबादचं बुट्टीदार कापड) धर्तीचं कापड विणून मोकळ्या. कापड सुंदर होतं, त्यात वाद नाही. पण हिमरूत बुट्ट्यांचा जादा धागा पाठीमागे मोकळा लोंबतो. शेरवानीला, शालीला चालतं. बैठकीवर रोज माणूस घासणार, मांजर नखं लावणार. त्यात पन्हा लहान, बुट्टा मधोमध घेतला की कडेला जोड येणारच.

मी म्हटलं, हे पाठीला लावू, मागून मांजरपाटाचं अस्तर देतो, जोड पाइपिंगखाली घेतो. बैठकीला त्याच रंगात घट्ट साधी वीण द्या. उत्तर आलं, "दादा, डिझाइन आम्ही बघतो, तुम्ही फक्त ठोका."

शेवटी केलं मी सांगितलं तसंच. नवार बदलली, स्प्रिंगा पुन्हा बांधल्या, जुने केस पिंजून परत भरले. पुढे त्या खुर्च्या एका प्रदर्शनात लागल्या. पाटीवर बाईंचं नाव, कापडाची माहिती, लाकडाचीसुद्धा. आतल्या कामाबद्दल अक्षर नाही. वर एक पाहुणा बसून म्हणाला, "काय आरामशीर कापड आहे!" आराम कापडात असतो का हो?

तेव्हा कुणाचं नाव कुठे लागणार, हे पैशांच्या आधी लिहून घ्या. फोम टाका म्हणणारे भेटतील, आमचे थोरले बंधूही त्यातलेच. चांगला काथ्या नि केस फेकून फोम कोंबणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. (काथ्याचा भुगा झाला असेल किंवा घरात कुणाला धुळीचा दमा असेल तर फोमच घ्या, ते वेगळं.)

कापडाचं म्हणाल तर नमुना मागवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. निळीचा रंग पायजम्याला लागू शकतो, हळदीचा उन्हात उडतो. दोन तुकडे शिवून जोड ताणून बघा, धागे सरकले तर बैठकीला नको. लाकडी हातांच्या तीन सीटरला 54 इंच पन्ह्याचं साधारण 6 मीटर लागतं. हातमागाचा पन्हा बहुधा कमी, बुट्टा मोठा असेल तर आणखी धरा.

सगळेच आर्टिस्ट तसे नसतात. हल्ली एक मुलगी येते, ती आधी माझ्याकडून मापं नेते, मग माग लावते.

खर्च सोफा न बघता कसा सांगू? उलटा करून खालचा फोटो टाका, स्प्रिंगा आहेत की नुसती फळी ते तरी कळेल.